मोटर चालू आहे, असं अ‍ॅप म्हणतंय

अंबड तालुक्यात शहागडच्या अलीकडे साडेतीन एकरांची मोसंबीची बाग आहे. पाणी बोअरचं, मोटर साडेसात एचपीची सबमर्सिबल, पुढं सगळं ठिबक. एप्रिलमध्ये आंबे बहाराची फळं लिंबाएवढी झाली असताना या बागेला सलग तीन रात्री पाणी मिळालं नाही आणि चौथ्या रात्री मोटर जळाली. मोटर वाइंडिंगला माझ्याकडे आली. सोबत मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारी स्टार्टरची पेटीही आली, कारण मालकाचं म्हणणं होतं की दोष मोटरचा नाहीच, पेटीचा आहे. मालकाला गावात सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पेटी तपासली. तिच्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. रिले, म्हणजे मोटर जोडणारा-तोडणारा आतला स्विच, ओढत होता, व्होल्टेज बरोबर दाखवत होती, सिम चालू होतं. बनवणाऱ्यानं जसं ठरवलं होतं तसंच तिनं सगळं केलं होतं, आणि तरी बाग सुकली, मोटर जळाली. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहितोय. याच कंपनीचं आधीचं मॉडेल अण्णांच्याच विहिरीवर कित्येक वर्षं बिनतक्रार चाललं होतं. ते अजून जिवंत आहे, ते मी मागवून घेतलं आणि दोन्ही पेट्या टेबलावर शेजारी उघडून ठेवल्या.

आधी थोडं पाठीमागचं. शेतीच्या फीडरला, म्हणजे वावरांना वीज देणाऱ्या लाइनीला, थ्री फेज लाईट (मोटरीला लागणारी तीन तारांची वीज) ठरावीक तासच असते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची कामं चालू आहेत, पण या फीडरवर रात्रीची पाळी अजून सुटलेली नाही. रात्री बाराला लाईट आली की बॅटरी घेऊन वावरात जायचं, साप-विंचू चुकवत स्टार्टर दाबायचा, मध्येच गेली तर पुन्हा जायचं. यावर पहिला उतारा ऑटोस्विचचा, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. महावितरण दरवर्षी कळवळून सांगते की ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, कारण लाईट येताच डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात. डायरेक्ट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. साडेसातची मोटर चालताना बारा-चौदा अँपिअर घेत असेल, तर उठताना ऐंशीच्या घरात जाते. अशा दहा एकदम उठल्या तर डीपीनं काय करावं?

दुसरा उतारा मोबाइल स्टार्टरचा. घरून फोन लावायचा, मोटर चालू किंवा बंद करायची. अण्णांचं जुनं मॉडेल या जातीचं.

ते जुनं मॉडेल दिसायला ओबडधोबड आहे. पत्र्याची पेटी, आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, झाकणावर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे. दिवे एवढे ठळक की बांधावरून कळावं कोणता फेज आहे आणि कोणता गेला. अण्णांच्या आईंना अक्षरओळख नाही, पण गोठ्यापाशी उभं राहून त्या सांगायच्या, ‘पिवळा नाही रे, उठू नको.’ फोन लावला की पेटी उचलायची आणि मराठीत बोलायची: लाईट आहे, मोटर बंद आहे, चालू करण्यासाठी एक दाबा. एक दाबला की फोन कट. मग मिनिटाभरात ती स्वतः फोन करायची: मोटर चालू झाली. यातली खुबी मला बोर्ड बघितल्यावर कळली. ‘चालू झाली’ हे वाक्य रिले ओढला म्हणून निघत नव्हतं. मोटरच्या वायरीवर बसवलेल्या सीटीमधून (करंट मोजणाऱ्या कड्यातून) करंट आला, तो काही सेकंद टिकला, तरच ते वाक्य निघायचं. म्हणजे पेटी हुकूम पाळल्याचं सांगत नव्हती, काम झाल्याचं सांगत होती. आणि रेंज नसली तर फोनच लागायचा नाही. फोन लागला नाही की माणूस समजून घ्यायचा की वावरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही, जाऊन बघावं लागेल.

आत एक स्क्रूसारखं फिरणारं छोटं बटण आहे, उशीर ठरवायचं. पेटी ऑटोवर असेल तर लाईट आल्यावर किती वेळानं मोटर उठवायची ते टेस्टरच्या टोकानं फिरवून लावता येतं. त्या डीपीवरच्या वायरमननं ज्याचं त्याचं बटण वेगवेगळ्या जागी ठेवलं होतं. कोणाची मोटर अर्ध्या मिनिटानं उठायची, कोणाची दोन मिनिटांनी. कंपनीच्या माहितीपत्रकात या बटणाची अर्धी ओळसुद्धा नाही.

आता नवं मॉडेल. प्लास्टिकची सुबक पेटी, पुढं काचेसारखा पडदा, त्यावर रंग बदलणारा एकच दिवा. फोनवरचं बोलणं बंद, सगळं अ‍ॅपवर. रोज किती तास मोटर चालली, किती युनिट लागले, व्होल्टेज किती होतं, सगळ्याचा आलेख. हे खोटं सांगणार नाही, काही बाबतींत ती जुन्यापेक्षा सरस आहे. आतला वीजपुरवठा नव्या पद्धतीचा असल्यानं व्होल्टेज पार खाली गेलं तरी पेटी शुद्धीवर राहते. जुनी पेटी कमी व्होल्टेजला टकटक करत बसायची आणि तिचे रिलेचे पॉइंट चिकटायचे, असे किती तरी मी बदललेत. जुनं ते सोनं म्हणताना एवढंही लक्षात ठेवावं की जुन्यातले जे भंगार होते ते भंगारात गेले, म्हणून आज आपल्याला फक्त चांगलेच दिसतात.

नवी पेटी अण्णांच्या मुलानं घेतली. तो छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला कंपनीत आहे. सिम पेटीतच येतं, वर्षाची फी भरायची. अ‍ॅप एका मोबाइल नंबरवर, ओटीपी टाकून. नंबर अर्थातच मुलाचा.

पहिल्या रात्री घडलं ते असं. त्या डीपीवर अकरा मोटरी आहेत आणि त्यांतल्या सहा जणांनी एकाच हंगामात, एकाच दुकानातून हेच नवं मॉडेल घेतलंय. नव्या मॉडेलमध्ये उशीर अ‍ॅपमधून बदलता येतो, पण तो तीन पडदे आत लपलाय आणि कारखान्यातून दहा सेकंदांवर लावून येतो. कोणीच बदललेला नव्हता. रात्री अकराला लाईट आली, दहाव्या सेकंदाला सहाही मोटरी एकदम उठल्या. व्होल्टेज कोसळलं, सगळ्या पेट्यांनी मोटरी बरोबर बंद केल्या आणि सगळ्यांनी सारखीच विश्रांती घेऊन पुन्हा एकदमच सुरू केल्या. शाळेच्या कवायतीसारखं. अशा झटक्यांत डीपीच्या पेटीतला एक फ्यूज उडाला, एक फेज गेला. तीन प्रयत्न फसल्यावर नवी पेटी स्वतःला कुलूप लावून घेते, तसं तिनं लावलं.

मुलानं त्या रात्रीचा स्क्रीनशॉट ठेवलाय. पडद्यावर दोन वाजून दहा मिनिटं. मधोमध हिरवा मोठा गोल, त्यात पांढऱ्या अक्षरांत ‘मोटर चालू’. अगदी तळाला करड्या बारीक अक्षरांत ‘शेवटचा संपर्क ११.०४’. बाग ओढ्याच्या खोलगटात आहे, तिथं डेटाची रेंज येते-जाते. पहिल्यांदा मोटर उठली तेव्हा पेटीनं ‘चालू’ पाठवलं, ते पोचलं. बंद झाल्याचं पाठवायच्या वेळी रेंज नव्हती. अ‍ॅपनं शेवटचं ऐकलेलं वाक्य आत्ताचं म्हणून दाखवत ठेवलं. मुलगा हिरवा गोल बघून निवांत झोपला.

दुसऱ्या दिवशी अण्णांना नळ्या कोरड्या दिसल्या, वाटलं लाईट गेली असेल. दुसऱ्या रात्रीपर्यंत दोषाचा संदेश मुलाच्या फोनवर आला होता, पण तो इंग्रजीत आणि आकड्यात, इतर पन्नास सूचनांच्या खाली. तिसऱ्या दिवशी लाइनमननं फ्यूज टाकला. तिसऱ्या रात्री लाईट आली, तीनही फेज बरोबर, अण्णा पेटीपुढं उभे, आणि पेटी कुलूपबंद. पेटीवरचं बटण दाबून ते निघत नाही, अ‍ॅपमधूनच काढावं लागतं. मुलगा रात्रपाळीला, फोन लॉकरमध्ये. जुन्या पेटीत लाल बटण दाबलं की दोष पुसला जायचा.

अण्णांनी मला दुकानात विचारलं, ‘कामून हो, वावर माझं, मोटर माझी, अन् किल्ली वाळूजला?’

चौथ्या रात्री त्यांनी तेच केलं जे अशा वेळी कोणीही करतो. शेजारच्या पोराला बोलावून पेटी बाजूला काढली आणि मोटर डायरेक्ट केली. पाणी आलं. पण आता ना फेज राखणारं कोणी होतं, ना कोरडी चालताना थांबवणारं. एप्रिलात आमच्याकडं बोअरचं पाणी तासा-दोन तासांत तुटतं. सबमर्सिबल मोटर भोवतालच्या पाण्यानंच गार राहते. पाणी तुटल्यावर ती किती वेळ फिरत राहिली कोणास ठाऊक, सकाळी बंद होती. वाइंडिंग काळं पडलेलं, बेअरिंग गेलेलं. कप्पी लावून मोटर काढणं-सोडणं धरून खर्च बारा हजारांच्या वर गेला. गळालेल्या फळांचा हिशेब वेगळा, तो अण्णांनी मला सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही.

सुरक्षेसाठी लावलेल्या कुलपामुळं मोटर पूर्ण असुरक्षित चालवली गेली, हे या प्रकरणातलं मला सर्वांत खुपलेलं.

कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आला तेव्हा मी भांडायच्या तयारीत होतो. पण पोरगा सरळ होता, त्यानं एकेक बदल का झाला ते सांगितलं, आणि ऐकल्यावर भांडायला फारसं उरलं नाही. तीन दिवे का काढले? तीन भोकांतून पावसाचं पाणी आत जायचं, ओलाव्यानं बोर्ड खराब व्हायचे, वॉरंटीत परत यायचे. फिरवायचं बटण का काढलं? लोक कोरडं चालण्याची मर्यादा पार शून्यावर फिरवून ठेवायचे, मोटर जळली की दुकानदाराच्या अंगावर यायचे. मग सगळीच बटणं काढली, त्यात उशिराचंही गेलं. कुलूप का? दोष असताना लाल बटण दाबदाबून मोटरी जाळणारे निघाले. एकच मालक का? भाऊबंदकीत एकानं चालू करायची आणि दुसऱ्यानं फोन लावून बंद करायची, अशी प्रकरणं कंपनीपर्यंत गेली होती.

आणि फोनवरचं बोलणं का बंद केलं? इथं त्याची बाजू सर्वांत भक्कम होती. जुनी पेटी निघाली त्या काळात सिमला इनकमिंग फुकट होतं, एकदा रिचार्ज मारलं की सिम पडून राहिलं तरी चालायचं. २०१८ च्या शेवटाला मोठ्या कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही दर २८ दिवसांना किमान रिचार्ज लावलं. सुरुवात ३५ रुपयांपासून झाली, २०२४ च्या जुलैत एका मोठ्या कंपनीत ते १९९ पर्यंत पोचलं. वर्षाला तेरा रिचार्ज धरले तर अडीच हजारांच्या वर, फक्त पेटीनं फोन उचलावा म्हणून. दूरसंचार नियामक ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन द्यायला लावले, पण तोवर नवं मॉडेल बाजारात होतं. शिवाय २०१६ ला आलेल्या जिओकडं टूजी नाहीच, आणि जुन्या पेटीतला मोडेम टूजीवरच चालणारा. कंपनीला बदल करावाच लागणार होता.

म्हणजे प्रत्येक बदलामागं खरी तक्रार होती. मग एवढ्या खऱ्या तक्रारी दूर करून वस्तू वाईट कशी झाली? माझं मत असं की तक्रारवहीतच घोळ आहे. दिव्याच्या भोकातून पाणी गेलं तर त्याची तक्रार येते. दिवा बघून आजींनी पोराला अर्ध्या रात्री उठू दिलं नाही, याची तक्रार कोण करणार? उशिराचं बटण चुकीचं फिरवलं तर मोटर जळते आणि कागदावर येते. ते बटण नीट लावल्यानं डीपी वर्षानुवर्षं शाबूत राहिला, हे कागदावर यायला कारणच नाही. जे बिनबोभाट चालतं त्याची नोंद होत नाही. नव्या मॉडेलच्या बैठकीत वही उघडली जाते, तिच्यात फक्त दुखणी असतात. गुण तिथं बसलेल्या कोणाच्या तरी डोक्यात असले तरच वाचतात. जुनं मॉडेल ज्यानं बनवलं तो कंपनी सोडून गेला, असं इंजिनिअर म्हणाला. ‘चालू झाली’ हे करंट आल्यावरच का बोलायचं, याची कारणं त्यानं कुठं लिहून ठेवली नव्हती. नव्या टीमला ती नुसती दिरंगाई वाटली.

दुसरं असं की आधी पेटी विकत घेणारा आणि दाबणारा एकच होता. आता घेणारा वाळूजला आणि दाबणारा शहागडला. दुकानात आलेख विकला जातो, तीन दिवे विकले जात नाहीत.

हे फक्त आमच्या तालुक्यातलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक गेले. जहाजाचं नियंत्रण नव्या टच स्क्रीनवर होतं. कोणत्या टेबलावरून जहाज वळवलं जातंय आणि दोन्ही पंखे सारख्या वेगानं फिरताहेत का, याचा गोंधळ झाला. चौकशीत प्रशिक्षणातल्या त्रुटींबरोबर त्या पडद्याच्या रचनेवरही ठपका आला, आणि २०१९ मध्ये नौदलानं असे पडदे काढून पुन्हा हातानं ओढायचे दांडे बसवायचं ठरवलं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप संस्था २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं मागते आहे. खर्च करणाऱ्यांनाही उलटं फिरावं लागतं, हे यातलं बरं.

आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, आणि तिच्या चार क्षेत्रांत मोबाइल, गाड्या यांच्या बरोबरीनं शेतीची अवजारंही होती. सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे मिळाले तर माझ्यासारख्याचा धंदा सोपा होईल. पण अण्णांच्या पेटीत कोणताही भाग बिघडला नव्हता. किल्ली चुकीच्या खिशात होती. त्यावर सुट्या भागांचा काय इलाज?

मी केलं ते साधं आहे. पेटीच्या बाहेर, वेगळ्या बंद डब्यात तीन फेजचे तीन दिवे लावले, वायरींना खालून ग्लँड घालून, म्हणजे पाणी शिरायचं नाही. कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या ओळीत बाजारातला ऑन-डिले टायमर, म्हणजे ठरलेल्या उशिरानं जोडणारा, टाकला, तो पुढून फिरवता येतो. आणि एक चेंजओव्हर स्विच बसवला: एका बाजूला अ‍ॅपची पेटी, दुसऱ्या बाजूला साधी हिरवी-लाल बटणं. दुसऱ्या बाजूलाही ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर तोडणारा) आणि कोरडं चालल्यास करंट उतरताच तोडणारा रिले मध्ये राहतातच. अण्णांना पुन्हा कधी पेटी बाजूला काढावीशी वाटली तर ती या मार्गानं काढता यावी, एवढाच हेतू. टूजीचं जुनं यंत्र परत बसवा असा अण्णांचा आग्रह होता, मी नको म्हटलं. रिचार्जचा प्रश्न खरा आहे आणि मुलाला तासांचा हिशेब हवा आहे, त्यालाही ठिबकचं नियोजन करायचंय.

इंजिनिअरला मी तीन गोष्टी लिहून दिल्या. संपर्क तुटला की हिरवा गोल जाऊन ‘माहीत नाही’ असं यावं. कुलूप पेटीवरूनही निघावं, पाहिजे तर बटण दहा सेकंद दाबून धरावं लागू द्या. आणि कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पेटीचा उशीर वेगवेगळा असावा, त्याला एक पैसाही लागत नाही. पहिली गोष्ट पुढच्या अपडेटमध्ये आली, गोल आता करडा होतो. अ‍ॅपला दुसरा मोबाइल नंबर जोडायची सोयही आली, तो अण्णांचा टाकलाय. कुलपाचं अजून तसंच आहे, त्यावर वरचे विचार करताहेत म्हणे.

उशिराचं मात्र गावानंच मिटवलं. डीपीवरच्या सगळ्यांनी पारावर बसून आपापले सेकंद वाटून घेतले, आधी लांबच्या मोटरी, मग जवळच्या. दहा जणांनी लावलेत. अकरावा ऐकत नाही, त्याचं म्हणणं आहे की त्याचं वावर टोकाला असल्यानं पहिला हक्क त्याचाच. त्याच्याकडं त्या कंपनीचं यापुढचं मॉडेल आहे आणि त्यात उशीर बदलायची सोय फक्त वरच्या फीच्या प्लॅनमध्ये मिळते.